हेराची कथा आणि नाशिकचें नाट्यगृह

बी. बी. सी. या ब्रिटिश संस्थेनें १९९१ सालीं ‘ॲशेंडेन’ नांवाची चार भागांची मालिका दूरचित्रवाणीवर दाखविली. समरसेट मॉम या प्रसिद्ध इंग्रज लेखकाचें त्याच नांवाचें कथांचें पुस्तक १९२८ मध्यें निघालें होतें. त्यावर ही मालिका आधारलेली असून ॲलेक्स जेनिंग्ज या नटानें तींत नायकाची भूमिका केली आहे. त्यापूर्वी १९३६ सालीं आल्फ्रेड हिचकॉक यानेंहि याच कथांवरून एक बोलपट काढला होता. हेरांच्या ज्या मालिका पुढें घरोघर पाहिल्या जाऊं लागल्या, त्यांची वंशावळ लिहावयाची झाली तर या लहानशा पुस्तकाला मूळपुरुषांच्या रांगेंत बसवावें लागेल. परंतु या वंशावळीची एक मुळी लंडनमधून निघते ती मुंबई इलाख्याच्या पोलिस खात्यांत शिरते, आणि तिचा माग काढीत गेल्यास मनुष्य थेट नाशिकच्या एका नाट्यगृहाच्या दाराशीं येऊन उभा राहतो. ही गोष्ट खुद्द नाशिककरांनाहि फारशी ठाऊक नसते.

मालिकेंतील एक भाग मॉमच्या ‘जूलिया लझारी’ या कथेवरून घेतला आहे. काळ पहिल्या महायुद्धाचा. ॲशेंडेन हा व्यवसायानें लेखक. पण लेखनाच्या आडून तो स्वित्झर्लंडांत ब्रिटिश सरकारसाठीं हेरगिरी करतो. त्याचा वरिष्ठ अधिकारी ‘आर.’ एवढ्या एकाच अक्षरानें ओळखला जातो. हा आर. एके दिवशीं त्याच्यापुढें एका हिंदी क्रांतिकारकाचें प्रकरण ठेवतो. क्रांतिकारकाचें नांव चंद्र लाल. जर्मनीचें साहाय्य घेऊन हिंदुस्थानांतील ब्रिटिश राज्य उलथून पाडण्याची त्याची खटपट चालू आहे. पण तो तटस्थ स्वित्झर्लंडांत असल्यामुळें त्याला हात लावतां येत नाहीं. त्याचा एकच दुवा इंग्रजांच्या हातीं आहे. जूलिया लझारी नांवाच्या एका नर्तकीवर त्याचें प्रेम आहे, आणि ती बाई इंग्रजांच्या कबजांत सांपडली आहे. तिच्यापुढें दोनच वाटा ठेवण्यांत येतात. एक तर दीर्घ मुदतीचा तुरुंगवास पत्करावा, नाहीं तर लालला पत्रें लिहून जिनीव्हाच्या सरोवराच्या अलीकडे, फ्रान्सच्या हद्दींतील थोनों गांवीं, बोलावून घ्यावें.

बाई रडते, विनवण्या करते. शेवटीं पत्र लिहिते. लाल बोटींतून येतो, उतरतांच पकडला जातो, आणि जवळ बाळगलेलें विष घेऊन प्राण सोडतो. मात्र कथा तेथें संपत नाहीं. कांहीं वेळानें लझारी ॲशेंडेनला विचारते, कीं त्याच्या मनगटावर तिनें दिलेलें घड्याळ होतें, तें परत मिळेल काय? त्याला बारा पौंड पडले होते.

हा शेवट अनेकांस निर्दय वाटतो, आणि लेखकानें स्त्रीजातीची निंदा केली असा आक्षेपहि त्यावर घेतां येईल. तो आक्षेप वरवरचा आहे. ज्या सत्तेनें त्या बाईच्या प्रेमाचा बाजारभाव ठरविला आणि तें विकत घेतलें, त्याच सत्तेपुढें तिनें शेवटीं बारा पौंडांचा हिशेब मांडावा, यांत तिची हीनता नाहीं. तिला काय करून ठेवलें त्याचें दर्शन आहे. हेरांच्या कथांत रक्त पुष्कळ सांडतें. पण हेरगिरी माणसाच्या मनांतील कोणता धागा कापते, हें इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच दाखविलें गेलें असेल.

दुसरी गोष्ट अशी, कीं या कथेंतील खरें शस्त्र पिस्तूल नव्हे, पत्र आहे. अक्षर खरें, सही खरी, मजकूर मात्र दुसऱ्याचा. संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेल्या कोणालाहि येथें विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथें निपुणक नांवाचा हेर यमाचें चित्रपट दाखवीत घरोघर हिंडतो, आणि चंदनदासाच्या दारांत त्याला अमात्य राक्षसाची मुद्रिका सांपडते. ती हातीं येतांच चाणक्य, राक्षसाचाच मित्र जो शकटदास, त्याच्या हातून एक लेख लिहवून घेतो; आपण काय लिहितों याची त्या बिचाऱ्याला कल्पनाहि नसते. त्या लेखावर राक्षसाची मुद्रा उमटते, आणि पुढें एकहि लढाई न होतां राक्षसाचा पक्ष फुटतो. मलयकेतूचा आपल्या अमात्यावरील विश्वास उडाला, एवढें पुरें होतें. त्या प्राचीन नाटककाराला जें ठाऊक होतें, तें मॉमलाहि ठाऊक होतें. कट मोडावयाचा तर भिंती फोडाव्या लागत नाहींत. दोन माणसांमधील विश्वास फोडला कीं काम होतें.

चंद्र लाल हें पात्र सर्वस्वीं काल्पनिक नाहीं. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून तें घेतलें, असें अभ्यासक मानतात. वीरेंद्रनाथ हे सरोजिनी नायडू यांचे बंधु. लंडनच्या इंडिया हाउसमध्यें सावरकरांच्या मंडळींत वावरलेले, आणि महायुद्धाच्या काळांत बर्लिन येथील हिंदी क्रांतिकारकांच्या समितीचे एक प्रमुख चालक. ते कोणा नर्तकीच्या पत्राला भुलून सरोवर ओलांडून गेले नाहींत. इंग्रजांच्या हातीं ते कधींच लागले नाहींत. त्यांचा अंत झाला तो १९३७ सालीं रशियांत, स्टालिनच्या राजवटींत, आणि तोहि गोळीनें. म्हणजे ज्या शत्रूनें त्यांचा वर्षानुवर्षे पाठलाग केला त्याला जें साधलें नाहीं, तें त्यांनीं आश्रयासाठीं निवडलेल्या देशानें केलें. कोणत्याहि मालिकाकारास याहून विदारक शेवट सुचला नसता. पण मॉमनें कथा लिहिली तेव्हां तो अद्यापि घडावयाचा होता.

मॉमच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आर. या लालला अत्यंत धोक्याचा कटवाला म्हणून रंगवीत असतां ॲशेंडेनच्या तोंडीं लेखकानें निराळाच सूर ठेवला आहे. हा मनुष्य जवळजवळ एकटा सबंध ब्रिटिश सत्तेशीं झुंज घेतो आहे, स्वदेशाचें स्वातंत्र्य मागतो आहे, तेव्हां त्याची बाजू अगदींच अन्यायाची दिसत नाहीं, अशा आशयाचें तो बोलून जातो. आर. ला हें रुचत नाहीं. १९२८ सालीं एका इंग्रज लेखकानें एवढें लिहावें, हें थोडें नव्हे. आणखी एक प्रामाणिकपणा त्याच्या पदरीं बांधावा लागेल. हेराचें काम बहुतांशीं कंटाळवाणें आणि पुष्कळदां निरुपयोगी असतें, त्यांतून हातीं येणारे प्रसंग तुटक असतात, आणि त्यांना जुळवून कथा बनविणें हें लेखकाचें काम आहे, असें त्यानें पुढें प्रस्तावनेंतच सांगून टाकलें. मालिका पाहणाऱ्यांनीं ही कबुली ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां या आर. विषयीं. मॉमनें स्वतः १९१५ पासून जिनीव्हा येथें राहून हेरगिरी केली. आपण नाटक लिहिण्यास आलों आहों, असा त्याचा बहाणा होता. त्याला या कामावर नेमणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव जॉन वॉलिंजर, आणि कथेंतील आर. याच्यावरूनच बेतला आहे, असें मानतात. हा वॉलिंजर युरोपांत वाढलेला मुत्सद्दी नव्हता, कीं लष्करी सेनानी नव्हता. तो मुंबई इलाख्याच्या पोलिस खात्यांतील सुपरिंटेंडेंट होता. युरोपांतील हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवण्यासाठीं १९०९ मध्यें लंडनला एक गुप्त कार्यालय निर्माण झालें. तें चालविण्यास त्याला मुंबईहून नेण्यांत आलें. पुढें हेंच कार्यालय ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. महायुद्ध सुरू झालें तेव्हां हिंदी कटवाल्यांचा माग काढण्याची जी यंत्रणा तयार होती, तींतूनच स्वित्झर्लंडांतील हेर नेमले गेले, आणि त्या हेरांत एक कथालेखक होता. इंग्रजी हेरकथेंतील पहिला मोठा ‘साहेब’ अशा रीतीनें मुंबईच्या पोलिसांतून आला.

१९०९ हें वर्ष आकस्मिक नव्हे. त्या वर्षाच्या १ जुलैला लंडनमध्यें मदनलाल धिंग्रा यांनीं कर्झन वायली यास गोळी घालून ठार केलें. आणि वर्ष संपण्यास दहा दिवस उरले असतां नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत दुसरा आवाज झाला.

नाशिकचें प्रकरण मात्र पिस्तुलापासून सुरू होत नाहीं. तें गल्लीपासून सुरू होतें. तीळभांडेश्वराच्या गल्लींत कांहीं तरुणांनीं १९०० च्या सुमारास ‘मित्रमेळा’ स्थापन केला. गणेशोत्सव, शिवजयंती, मेळ्याचीं पदें, व्याख्यानें, हीं त्याचीं उघड कामें. विनायक दामोदर सावरकर आणि त्यांचे थोरले बंधु गणेशपंत तथा बाबाराव हे त्याचे चालक. १९०४ मध्यें याच मंडळींतून ‘अभिनव भारत’ ही गुप्त संस्था निघाली. विनायकराव १९०६ सालीं बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं लंडनला गेले, श्यामजी कृष्णवर्मा यांच्या इंडिया हाउसमध्यें उतरले, आणि त्या दिवसापासून नाशिकचा एक धागा लंडनला जाऊन पोंचला. पोलिसांचें सगळें कौशल्य पुढें हा धागा मोजण्यांत आणि ओढण्यांत खर्च झालें.

तो प्रथम हाताला लागला १९०९ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस. बाबारावांना पकडण्यांत आलें तें कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल. त्यांच्या घराची झडती झाली तेव्हां इंग्रजींत दाट टंकलिखित केलेलीं साठ पृष्ठें मिळालीं. तो बॉम्ब तयार करण्याच्या कृतीचा ग्रंथ होता. ही कृति पॅरिसमध्यें रशियन क्रांतिकारकांकडून मिळविण्यांत सेनापति बापट यांचाहि हात होता. याच ग्रंथाची दुसरी प्रत आदल्या वर्षी कलकत्त्याच्या माणिकतळा बागेंत पोलिसांच्या हातीं आलेली होती. दोन प्रतींचा मेळ बसतांच बंगाल व महाराष्ट्र येथील दोन मंडळ्यांचें नातें उघड झालें. कोणी कोणाला मारहाण केली नाहीं, कोणी छपरावरून उडी टाकली नाहीं. कागदानें कागद ओळखला. दूरचित्रवाणीला हा प्रसंग दाखवितां येणार नाहीं असें नाहीं. पण त्यासाठीं दोन कारकून, एक दिवा आणि पुष्कळ धीर लागेल.

बाबारावांना जूनमध्यें जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला वरच्या कोर्टाकडे धाडणारे नाशिकचे कलेक्टर आर्थर जॅक्सन होते. मंडळीचा रोष त्यांच्यावर बसला तो यामुळें.

लंडनच्या बाजूला त्या वेळीं जें चाललें होतें, त्यांत विनोदाचाहि अंश आहे. इंडिया हाउसमध्यें कीर्तिकर नांवाचा एक मराठी मनुष्य राहावयास आला. आपण दंतवैद्यकाचा विद्यार्थी आहों, असें तो सांगे. तो वस्तुतः पोलिसांचा हेर होता. व्ही. व्ही. एस. अय्यर यांस संशय आला तेव्हां त्यांनीं कांहीं मोठी युक्ति लढविली नाहीं. ज्या रुग्णालयांत हा शिकतो म्हणतो, तेथें जाऊन चौकशी केली. मग पिस्तूल रोखून कीर्तिकरकडून सत्य वदवून घेण्यांत आलें. त्याला हांकून दिलें नाहीं. तो पूर्वीप्रमाणेंच वृत्तांत पाठवीत राहिला. मात्र तो वृत्तांत आधीं सावरकरांच्या नजरेखालून जाऊं लागला. एवढ्यावर न थांबतां मंडळींनीं आपल्यांतील एम. पी. टी. आचार्य यांस स्वतः पोलिसांकडे जाऊन ‘मी बातमी देतों’ असें सांगावयास लावलें. हेतु हा, कीं पोलिसांस दोन तोंडांनीं एकच सोयीची बातमी मिळावी. चाणक्याला ही विद्या पसंत पडली असती.

परंतु या सगळ्या चातुर्याला ज्या बाजूनें भगदाड पडलें, तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें. इंडिया हाउसच्या स्वयंपाकघरांत चतुर्भुज अमीन हा गृहस्थ काम करी. १९०९ च्या फेब्रुवारींत तो हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हां त्याच्याजवळच्या पेटीला दुहेरी तळ होता, आणि त्या चोरकप्प्यांत वीस ब्राउनिंग पिस्तुलें व काडतुसें होतीं. विद्यार्थ्यावर पाळत असते, वक्त्यावर असते. स्वयंपाक्याकडे कोण पाहतो? पेटी मार्चच्या आरंभीं सुखरूप मुंबईस पोंचली. बाबारावांना पकडून तेव्हां जेमतेम एक आठवडा झाला होता. म्हणजे शस्त्रें आलीं तेव्हां नाशिकचा मुख्य चालक कोठडींत होता. मालिकेंत असा योग दाखविला तर प्रेक्षक म्हणतील, कीं लेखकानें ओढूनताणून आणला.

त्या वीसांपैकीं एक पिस्तूल हिंडतफिरत अनंत लक्ष्मण कान्हेरे यांच्या हातीं आलें. कान्हेरे हे मूळचे कोंकणांतील, खेड तालुक्यांतले. निजामच्या मुलखांत औरंगाबाद येथें शिकत असलेले, अठराच्या आंतबाहेरचे तरुण. नाशिकमध्यें कृष्णाजी गोपाळ कर्वे हे मंडळीचे पुढारी, आणि विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक त्यांचे सहकारी. जॅक्सन यांची बदली ठरल्यामुळें घाई करणें भाग पडलें. त्यांचा चेहरा नीट ओळखतां यावा म्हणून कान्हेरे आधीं कचेरींत जाऊन त्यांना पाहून आले होते. हेरकथांतील कटवाले दुर्बिणी वापरतात. येथें एक विद्यार्थी इतर पक्षकारांप्रमाणें कलेक्टर कचेरींत गेला आणि पाहून परतला.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं विजयानंद नाट्यगृहांत किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सन यांना निरोप म्हणून तो योजलेला होता. देवलांचें हें नाटक तेव्हां दहा वर्षांचें झालें होतें, तरी गर्दी खेचीत होतें. कान्हेरे आंत होते; त्यांचा नेम चुकला तर पुढें व्हावें म्हणून कर्वे आणि देशपांडे हेहि सशस्त्र हजर होते. जॅक्सन येतांच कान्हेरे यांनीं गोळ्या झाडल्या, आणि ते तेथल्या तेथें गतप्राण झाले. कान्हेरे जागच्या जागीं पकडले गेले. ज्या रंगभूमीवर जरठाला बालिका विकली जाण्याची कथा सांगावयाची होती, तिचा पडदा त्या रात्रीं निराळ्याच कारणानें पडला.

येथपर्यंतचें सर्व मालिकाकारांच्या कामाचें आहे. पण प्रकरणाचा गाभा पुढें आहे, आणि तो कोणी दाखवीत नाहीं. कान्हेरे एकटे पकडले गेले होते. नाट्यगृहांतील इतर दोघे निसटून घरीं पोंचले होते. मग थोड्याच दिवसांत सात जण आरोपी म्हणून उभे राहिले ते कसे? मंडळी लहान होती आणि गांव लहान होतें. कोण कोणाकडे उठतो बसतो, कोणाच्या माळ्यावर काय ठेवलें आहे, हें एकाला विचारलें म्हणजे दुसऱ्याचें नांव निघे. शपथ सर्वांनीं घेतली होती. पण कोठडींत शपथ एकट्यानें पाळावी लागते. मुंबई हायकोर्टाच्या खास न्यायासनापुढें खटला झाला, आणि १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस फांशी देण्यांत आलें. गोळी सुटल्यापासून चार महिनेहि लोटले नव्हते.

यानंतर उघडला तो मोठा खटला, ज्याला नाशिकचा कट म्हणतात. आरोपी अडतीस, २४ डिसेंबर १९१० रोजीं त्यांपैकीं सत्तावीस जणांस शिक्षा झाल्या, आणि विनायकराव सावरकरांस जन्मठेप काळें पाणी मिळालें. मार्च १९१० मध्यें लंडनला त्यांना पकडलें होतें. जुलैमध्यें मार्सेय बंदरांत त्यांनीं बोटींतून समुद्रांत उडी टाकली, ती कथा मराठी मुलांना तोंडपाठ असते. त्या उडीवर बोलपट निघतात, कवने रचलीं जातात. पण त्यांना दुसऱ्यांदां जन्मठेप झाली ती ३० जानेवारी १९११ रोजीं, जॅक्सन यांच्या वधास साहाय्य केल्याबद्दल. आणि तिच्या मुळाशीं होती दुहेरी तळाची ती पेटी. पेटीची हकीकत कोर्टाला सांगणारा मनुष्य चतुर्भुज अमीनच. तो माफीचा साक्षीदार झाला होता. पोलिसांनीं पाठविलेला हेर पिस्तुलाच्या धाकानें निकामी झाला, आणि घरांतला स्वयंपाकी, ज्याला कोणी हेर म्हणून पाठविलेंच नव्हतें, तो पन्नास वर्षांच्या शिक्षेचा एक आधार ठरला.

हेरांच्या मालिकांत फितुराचें चित्र फार ढोबळ असतें. तो लोभी असतो, डोळे चुकवितो, आणि शेवटच्या भागांत त्याचा समाचार घेतला जातो. माफीचा साक्षीदार हा प्राणी इतका सोपा नाहीं. तो कालपर्यंत मित्र होता, त्यानें धोका पत्करला होता, पेटी वाहून आणली होती. इंग्लंडपासून मुंबईपर्यंतच्या प्रवासांत ती पेटी उघडली गेली असती तर पहिला बळी त्याचाच पडला असता. असा मनुष्य कोणत्या रात्रीं, कोणत्या शब्दानें मोडतो? त्याला काय दाखविलें जातें, कोणाचें नांव घेतलें जातें? लझारीच्या कथेंत मॉमनें नेमका हाच प्रश्न उचलला, म्हणून ती कथा इतर दहांपेक्षां मोलाची. त्यानें तो एका परक्या नर्तकीच्या ठायीं मांडला, आणि मुंबईच्या पोलिसांत मुरलेला एक साहेब तिला मोडावयास ठेवला. इलाख्यांतील कोठड्यांत जी विद्या चालत होती, ती सरोवराच्या कांठीं हॉटेलच्या खोलींत कशी दिसेल, याचें तें चित्र आहे. मॉमला नाशिकचें नांव ठाऊक होतें कीं नाहीं, हा प्रश्न त्यापुढें गौण ठरतो.

या भागाचा मोठा दोष कोणता म्हणाल, तर चंद्र लाल स्वतः कथेंत जवळजवळ नाहींच. त्याचें छायाचित्र दिसतें, पत्रें दिसतात, शेवटीं प्रेत दिसतें. तो काय विचार करीत होता, कोणत्या गल्लींतून निघून त्या सरोवरापर्यंत आला, हें सांगावयास लेखकापाशीं साधन नव्हतें. हेराच्या दप्तरांत जेवढें असतें तेवढेंच त्यानें दिलें. उलट मराठींत या प्रकरणावर जें लिहिलें व रंगविलें गेलें, त्यांत कान्हेरे, कर्वे, देशपांडे हे ठसठशीत उभे राहतात, पण पलीकडचा माणूस हा केवळ ‘जुलमी कलेक्टर’ एवढाच उरतो. नाशिकमध्यें कान्हेरे यांच्या नांवाचें मोठें मैदान आहे, आणि तें असणें उचितच होय. जॅक्सन कोण होते हें मात्र त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांस विचारल्यास एका शब्दापलीकडे उत्तर येणार नाहीं.

जॅक्सन हे संस्कृतज्ञ होते. ‘पंडित’ म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि मराठी नाटकांची त्यांना आवड होती. ज्या आवडीनें ते त्या रात्रीं तेथें गेले, तिचा उपयोग करूनच त्यांना गांठलें गेलें. बाबारावांना काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या यंत्राचें ते एक चाक होते, हें खरें. आणि तें चाक पोथ्या वाचीत असे, हेंहि खरें. चांगली मालिका असती तर तिनें या दोन गोष्टी एकाच भागांत ठेवल्या असत्या, आणि प्रेक्षकास अस्वस्थ होऊं दिलें असतें.

लोकांच्या समजुती, व्रतें, भुताखेतांच्या कथा, रोगांवरचे उतारे यांविषयीं जॅक्सन यांनीं एक मोठी प्रश्नावली काढून इलाख्यांतील गांवोगांवीं पाठविली होती. उत्तरें त्यांच्याकडे जमा होत गेलीं. ग्रंथ व्हावयाच्या आधींच ते मारले गेले. ते कागद मागाहून आर. ई. एन्थोवेन यांनीं लावून घेतले. गुजराथचा भाग १९१४ मध्यें आणि कोंकणचा १९१५ मध्यें प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या सालीं मॉम जिनीव्हाला जाऊन राहिला त्याच सालीं. कोंकणच्या भागांत पानोपानीं तळाशीं टीपा आहेत. माहिती कोठून आली त्या गांवाचें नांव त्यांत दिलेलें असतें, आणि ती पुरविणारा बहुतेक ठिकाणीं त्या गांवचा शाळामास्तर आहे.